व्हेनं उपवास मोडतो, पण तुमची अडचण ताटात आहे

प्रश्न थोडक्यात असा. वय ३६, वजन ८० किलो, पुण्यात आयटीत नोकरी. शाकाहारी, अंडी चालतात, पण गुरुवारी आणि श्रावणात नाही. चार महिन्यांपासून १६:८ चालू आहे, म्हणजे दुपारी १ ते रात्री ९ एवढ्यातच खाणं. जिम सकाळी साडेसहा ते पावणेआठ. सुरुवातीला व्यायाम झाला की लगेच दुधातून एक स्कूप (डब्यातलं एक माप) व्हे, म्हणजे दुधातल्या प्रथिनांची पावडर, आणि एक केळं घ्यायचे. मग मित्रानं सांगितलं की व्हेनं उपवास मोडतो, म्हणून ते बंद केलं. दुपारी जेवणानंतर घ्यायचं ठरवलं, पण पोट भरलेलं असतं आणि राहून जातं. वजन ८६ वरून ८० वर आलं, पण बेंच प्रेस (बाकावर आडवं होऊन छातीवरून वर ढकलायचं वजन) ६० किलोवरून ५० वर घसरली. ट्रेनर म्हणतो, अर्ध्या तासात प्रोटीन घेतलं नाही तर मसल जाणार. बायको म्हणते, किडनी जाणार. आणि शेवटचा प्रश्न आईचा: वय ६४, मधुमेहाची गोळी चालू, दिवसातून दोनदाच जेवते, तिला व्हेचा हा डबा चालेल का?

मी गेली १८ वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आहे. व्यायाम करणारी माणसं आणि मधुमेही या दोघांशीच माझा जास्त संबंध येतो, त्यामुळे तुमच्या घरातले दोन्ही प्रश्न मला अगदी ओळखीचे आहेत.

तुमच्या मित्राचं म्हणणं बरोबर आहे. व्हेनं उपवास मोडतो. पाण्यातून घ्या, दुधातून घ्या, आयसोलेट (जास्त शुद्ध केलेला व्हे) घ्या, मोडतोच. एका स्कूपमध्ये साधारण १२० कॅलरी आणि २४-२५ ग्रॅम प्रथिनं असतात. व्हे पोटातून लवकर पुढे सरकतो, रक्तात अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, झपाट्यानं वाढतात आणि इन्सुलिनही चांगलंच वर जातं. त्यात ल्युसीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं, एका स्कूपमध्ये अडीच ग्रॅमच्या आसपास. ल्युसीन मिळालं की स्नायूंच्या पेशींना निरोप जातो की आता मोडतोड थांबवा, बांधकाम सुरू करा. उपवासाचा निरोप याच्या बरोबर उलटा असतो. जिममध्ये मिळणाऱ्या बीसीएए पावडरचंही तेच आहे. 'यात कॅलरी नसतात, उपवासात चालतं' असं सांगून ती विकली जाते. पण बीसीएए म्हणजे तीन अमिनो आम्लंच, आणि ल्युसीन त्यातलंच एक. उपवास मोडायचाच असेल तर पूर्ण प्रथिनानं मोडा. बीसीएएवर पैसे घालवू नका. पाणी, बिनदुधाची बिनसाखरेची कॉफी किंवा चहा, चिमूटभर मीठ घातलेलं पाणी, एवढंच उपवासात ठेवा.

पण मोडला तर बिघडलं काय? याचं उत्तर तुम्ही उपवास कशासाठी धरलाय यावर आहे. पेशींच्या आतल्या साफसफाईबद्दल, म्हणजे ऑटोफॅजीबद्दल तुम्ही वाचलं असेल. योशिनोरी ओसुमी यांना २०१६ साली त्यासाठी नोबेल मिळालं तेव्हापासून तो शब्द घरोघरी पोचला. त्यांचं ते मूळ काम यीस्टच्या पेशींवरचं होतं. माणसाच्या शरीरात ही प्रक्रिया अमुक तासाला सुरू होते आणि एका स्कूपनं बंद पडते, असं घड्याळ लावून सांगणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही. तुम्ही प्रश्नात लिहिलंय की पोट कमी करायचंय आणि ताकद टिकवायचीय. मग तुमच्यासाठी १६ तास हे साधन आहे. दिवसाच्या कॅलरी आपोआप आटोक्यात राहाव्यात, रात्री दहाचा चिवडा बंद व्हावा, यासाठी ते चांगलं साधन आहे. त्या १६ तासांतला एक तास इकडे-तिकडे झाल्यानं चरबी परत येत नाही.

उपवासाच्या तासांमध्ये स्वतःची काही जादू आहे का, हेही तपासलं गेलंय. २०२२ साली चीनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १३९ जाड माणसं होती आणि अभ्यास वर्षभर चालला. दोन्ही गटांना सारख्याच कमी कॅलरी दिल्या होत्या, एका गटानं त्या फक्त सकाळी ८ ते दुपारी ४ या वेळात खायच्या होत्या. वर्षाअखेरीस वजनात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. म्हणजे वेळ पाळल्यानं कमी खाल्लं जात असेल तर फायदा आहे, आणि तो पुरेसा आहे.

आता खरी काळजीची गोष्ट. तुमची बेंच प्रेस का घसरली? तुम्ही दिवसभरातलं खाणं लिहून पाठवलंत हे फार बरं केलंत. मी ते मोजलं. दुपारी डब्यात तीन पोळ्या, भाजी, एक वाटी वरण आणि थोडा भात: साधारण २१ ग्रॅम प्रथिनं. पाच वाजता मूठभर शेंगदाणे आणि चहा: ८ ग्रॅम. रात्री दोन ज्वारीच्या भाकऱ्या, एक वाटी उसळ, ताक: १८ ग्रॅम. बेरीज ४७. तुमच्या ८० किलो वजनाला ही प्रत्येक किलोमागे ०.६ ग्रॅमही होत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० मध्ये साध्या, व्यायाम न करणाऱ्या प्रौढ भारतीयासाठी सांगितलेलं प्रमाण किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे. तुमच्यासाठी ते ६६ ग्रॅम झालं. वजन उचलून व्यायाम करणारे, वर खाणं कमी केलेले तुम्ही, आणि घरी बसणाऱ्या माणसाच्या गरजेपेक्षाही २० ग्रॅम कमी घेताय! सकाळचा स्कूप, दूध आणि केळं होतं तेव्हा बेरीज ८० ग्रॅमपर्यंत जात होती. तो एक ग्लास काढल्याबरोबर तुमचा पायाच निघून गेला.

यात तुमची चूक नाही. आपलं मराठी जेवण चौरस आहे, मला ते अतिशय प्रिय आहे, पण त्यातली प्रथिनं दिवसभर थोडी थोडी येतात. सकाळच्या पोह्यांवरचे दाणे, दुपारचं वरण, चहाबरोबरचं दूध, रात्रीची उसळ आणि ताक. त्यातली सकाळची वेळ तुम्ही कापलीत आणि उरलेल्या वेळांचं ताट तसंच ठेवलंत. १६:८ करणाऱ्या शाकाहारी माणसांत मला हे सगळ्यात जास्त दिसतं. वजनकाटा खाली जातो, सगळे कौतुक करतात, आणि सहा महिन्यांनी पँट कमरेत सैल तशीच मांडीतही सैल झालेली असते.

२०२० मध्ये अमेरिकेत झालेला एक अभ्यास मी या कारणासाठी नेहमी सांगते. ११६ माणसं, १२ आठवडे, दुपारी १२ ते रात्री ८ खाणं. प्रथिनांबद्दल काही सूचना नाही, व्यायामाची सक्ती नाही. वजन सरासरी एक किलोच्या आसपास उतरलं, आणि ज्यांची शरीररचना प्रयोगशाळेत बोलावून मोजली त्यांच्यात कमी झालेल्या वजनाचा निम्म्याहून मोठा वाटा चरबीखेरीजच्या भागाचा, म्हणजे मुख्यतः स्नायूंच्या बाजूचा होता. आता याच्या शेजारी २०१६ मधला इटलीतला अभ्यास ठेवा. व्यायामाची सवय असलेले ३४ पुरुष, आठ आठवडे, निम्म्यांनी दुपारी १, ४ आणि रात्री ८ असं तीनदाच खाल्लं, प्रथिनं भरपूर, वजनांचा व्यायाम चालू. त्यांची चरबी उतरली आणि स्नायू टिकले. २०१९ मध्ये व्यायाम करणाऱ्या स्त्रियांवर असाच अभ्यास झाला, खाण्याची वेळ दुपारी १२ ते रात्री ८. त्यात सगळ्यांना व्हे देऊन प्रथिनं किलोमागे किमान १.४ ग्रॅमपर्यंत नेली होती. आठ तासांत खाणाऱ्यांचे स्नायू दिवसभर खाणाऱ्यांइतकेच वाढले. उपवास तिन्हीकडे जवळपास सारखाच होता. फरक होता तो वजन उचलण्याचा आणि प्रथिनांच्या बेरजेचा.

म्हणून ट्रेनरच्या 'अर्ध्या तासा'बद्दल. तो मनापासून सांगत असणार, त्याला त्याच्या गुरूनं तसंच शिकवलं असणार. पण वजनं उचलल्यावर स्नायूंची बांधणी वाढलेली राहते ती २४ तासांहून जास्त वेळ. पावणेआठला व्यायाम संपला आणि सव्वाआठला दरवाजा बंद झाला, असं शरीरात काही नसतं. २०१३ मध्ये अशा बऱ्याच अभ्यासांची एकत्र बेरीज मांडली गेली, तेव्हा दिसलं की व्यायामाच्या आगेमागे प्रथिनं घेतलेल्यांचा जो फायदा वाटत होता, तो मुख्यतः त्यांनी दिवसभरात एकूण जास्त प्रथिनं घेतल्यामुळे होता. २०१८ मधल्या ४९ अभ्यासांच्या बेरजेत किलोमागे १.६ ग्रॅमच्या आसपास फायदा सपाट होताना दिसला. मी तुमच्यासारख्यांना १.४ ते १.६ हे लक्ष्य देते. तुमच्यासाठी ते ११२ ते १२८ ग्रॅम. सोयीसाठी ११५ धरू.

तरीही सकाळी पावणेआठला व्यायाम संपवून दुपारी १ पर्यंत काहीच न खाणं मला पसंत नाही. कारण त्याच्या आधीचं तुमचं जेवण रात्री ९ चं असतं. १६ तास अमिनो आम्लांची आवक बंद, मधेच जड व्यायाम, त्यानंतरही पाच तास कोरडे. रिकाम्या पोटी व्यायाम करायला माझी हरकत नाही, चक्कर येत नसेल तर जरूर करा. पण त्यानं चरबी जास्त जळते म्हणून करू नका. २०१४ मध्ये २० तरुण मुलींवर चार आठवडे हे करून पाहिलं गेलं, एक गट उपाशीपोटी आणि एक खाऊन. दोन्हीकडे चरबी सारखीच उतरली.

तुमची विंडो, म्हणजे खाण्याची वेळ, सरकवा, हा माझा मुख्य सल्ला. शास्त्राच्या दृष्टीनं सगळ्यात सरळ विंडो सकाळी ८ ते दुपारी ४ ची असती. व्यायाम झाला की व्हे, साडेबाराला डबा, चारला शेवटचं खाणं. मी हे काही वर्षं लोकांना सांगून पाहिलं. शास्त्र उत्तम, घर मात्र बिघडतं. दिवसभर ऑफिस आणि ट्रॅफिक सोसून रात्री आठला मुलं, बायको, आई एकत्र बसतात, आणि एक माणूस पाण्याचा पेला घेऊन बसतो. तीन आठवड्यांच्या वर कुणी टिकत नाही, आणि मला वाटतं टिकूही नये. म्हणून तुम्ही १४ तासांवर या. सकाळी साडेदहा ते रात्री साडेआठ. व्यायामानंतर पावणेतीन तासांनी पहिलं खाणं, रात्रीचं जेवण सगळ्यांबरोबर, आणि मधे चार वेळा खाण्याइतकी जागा. १६ चे १४ झाले म्हणून हिरमुसू नका.

साडेदहाला ऑफिसात एक स्कूप पाण्यातून आणि दोन उकडलेली अंडी: ३६ ग्रॅम. शेकरमध्ये कोरडी पावडर घेऊन जा, पाणी तिथे घाला. घरून कालवून नेलं आणि दोन-तीन तास गाडीत राहिलं तर आपल्या हवेत ते नासतं, आणि त्या शेकरचा वास मग कशानं जात नाही. दीडला डबा: दोन पोळ्या, भाजी, मटकीची किंवा चवळीची मोठी वाटी उसळ, दीडशे ग्रॅम दही: २२ ग्रॅम. भात नकोच असं नाही, पण उसळ वाटीतून वाडग्यात गेली पाहिजे. साडेपाचला ५० ग्रॅम फुटाणे: १० ग्रॅम. आठला एक भाकरी, १०० ग्रॅम पनीरची भाजी, वाटीभर घट्ट वरण, आणि शेवटी कपभर दूध: ३७ ग्रॅम. बेरीज १०५. जिमच्या दिवशी संध्याकाळी फुटाण्यांबरोबर अर्धा स्कूप घेतलात की ११७. पनीर रोज नको असेल तर ४० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या भिजवून रश्श्यात टाका, २० ग्रॅम मिळतात आणि पनीरपेक्षा कितीतरी स्वस्त पडतात. पिठलंही चांगलं, ५० ग्रॅम बेसनात ११ ग्रॅम. गुरुवारी आणि श्रावणात अंड्यांच्या जागी आणखी अर्धा स्कूप. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याच्या खिचडीवर मात्र विसंबू नका. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतात, खिचडीत जी काही असतात ती दाण्याच्या कुटाची. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आपल्याकडे उगाच नाही आली. राजगिरा, दही, दूध हे उपासाचे जास्त चांगले सोबती. व्हे दुधाचाच, त्यामुळे तो बहुतेक घरांच्या उपासाला चालावा, पण हा प्रश्न श्रद्धेचा आहे आणि त्यावर आईंचा शब्द शेवटचा.

व्हेच का, नुसतं जेवण का नाही, हा प्रश्न मला दर आठवड्याला येतो. खरंच, मीही आधी जेवणच सांगते. पण २४ ग्रॅम प्रथिनं इतर ठिकाणांहून आणायची तर किती खावं लागतं पाहा: चार अंडी, किंवा गाईचं पाऊण लिटर दूध, किंवा १३० ग्रॅम पनीर, किंवा कच्ची ११० ग्रॅम तूरडाळ शिजवून, म्हणजे चांगल्या चार वाट्या वरण. शेंगदाण्यातून आणायची तर ९५ ग्रॅम दाणे आणि त्याबरोबर पाचशेवर कॅलरी. वजन कमी करताना, खाण्याचे तास कमी असताना, १२० कॅलरीत आणि पोट न भरता २४ ग्रॅम मिळणं एवढाच व्हेचा खरा गुण आहे. म्हणूनच त्याला दूध, केळं आणि पीनट बटर घालून पंचपक्वान्न करू नका. तुमचा आधीचा दूध-केळं-व्हेचा ग्लास पावणेचारशे कॅलरींचा होता. आणि जेवणानंतर भरल्या पोटी घ्यायचा म्हटलं तर तो राहणारच. पहिल्या खाण्याशी बांधून टाकला की राहत नाही.

व्हे म्हणजे परकीय रसायन नव्हे, हेही बायकोला सांगा. दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन आणि २० टक्के व्हे असतो. चीज करताना दूध विरजण-एन्झाइमनं गोठवतात, केसीन घट्ट होतं आणि वर जे पाणी सुटतं ते व्हे. ते गाळून, वाळवून पावडर होते. पनीर केल्यावर आपल्याकडे उरणारी निवळी कणीक मळायला वापरतात, ती त्याचीच चुलतबहीण. पण निवळी पिऊन व्हेचं काम होईल असं समजू नका. पनीरसाठी आपण दूध उकळतो, त्या उष्णतेनं व्हेची बरीचशी प्रथिनं केसीनला चिकटून पनीरमध्येच जातात. निवळीत प्रथिनं शेकडा एक ग्रॅमही उरत नाहीत. कणकेत घाला, चव छान येते, एवढंच.

किडनीचं. ज्याची मूत्रपिंडं निरोगी आहेत त्याला किलोमागे १.६ ग्रॅम प्रथिनांनी इजा झाल्याचं अभ्यासांत दिसलेलं नाही. ज्याचं मूत्रपिंड आधीच दुखावलेलं आहे त्याची गोष्ट पूर्ण वेगळी, त्यानं डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एक चमचाही घेऊ नये. अडचण अशी की आपल्याकडे अनेकांना आपलं मूत्रपिंड दुखावलंय हे माहीतच नसतं. रक्तदाब, मधुमेह, वर्षानुवर्षं पेनकिलर. म्हणून सुरू करण्याआधी सिरम क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि लघवीची साधी तपासणी करून घ्या, बायकोचं समाधान होईल आणि माझंही. व्हेच्या डब्यात क्रिएटिन (व्यायाम करणारे घेतात ते आणखी एक पूरक) मिसळलेलं असेल किंवा तुम्ही ते वेगळं घेत असाल तर रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन थोडं जास्त दिसू शकतं. डॉक्टरांना ते आधी सांगा, नाहीतर सगळे विनाकारण घाबरतात.

व्हेच्या डब्याबद्दल मात्र मला खरी भीती वाटते, आणि ती किडनीच्या भीतीपेक्षा मोठी आहे. २०२४ मध्ये भारतात विकली जाणारी ३६ प्रथिन-पूरकं प्रयोगशाळेत तपासून निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जवळपास ७० टक्के उत्पादनांत प्रथिनांची माहिती चुकीची होती, आणि काहींत बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, सापडलं. भेसळ कशी होते तेही समजून घ्या. प्रथिनं मोजायची जुनी रीत नायट्रोजन मोजते. त्यामुळे ग्लायसीन, टॉरीन अशी स्वस्त अमिनो आम्लं मिसळली की आकडा वर जातो आणि स्नायूंना मात्र काही मिळत नाही. घटकांच्या यादीत ही नावं वेगळी लिहिलेली दिसली तर तो डबा ठेवून द्या. एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, स्वतंत्र प्रयोगशाळेचा त्या बॅचचा अहवाल, आणि बिल, एवढं बघूनच घ्या. जिममध्ये सुटी पिशवी, 'इम्पोर्टेड आहे, ओळखीतून आलंय' असं सांगून मिळणारी, कितीही स्वस्त असली तरी नको. 'मास गेनर' लिहिलेला डबा तुमच्यासाठी नाहीच, त्यात मुख्यतः माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे जवळजवळ साखरच असते.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडर टाळा असं सांगितलंय, हे तुमच्यापासून लपवणं मला बरोबर वाटत नाही. बाजारातला सगळा गोंधळ पाहता ती सूचना मला पटते. दिवसातून चार वेळा नीट जेवणाऱ्या माणसाला मी डबा सांगत नाही. पण १० तासांत, शाकाहारी ताटातून, कमी कॅलरीत ११५ ग्रॅम बसवायचे असतील तर एक ते दीड स्कूप, अंडी नसलेल्या दिवशी फार तर दोन, हा मला प्रामाणिक मार्ग वाटतो. त्याहून जास्त घ्यावा लागत असेल तर ताट सुधारायला हवं.

गॅस, पोट डब्ब होणं, जुलाब असं झालं तर तो बहुधा लॅक्टोजचा, म्हणजे दुधातल्या साखरेचा त्रास. आपल्याकडे तो खूप जणांना असतो. कॉन्संट्रेटमध्ये, म्हणजे साध्या व्हेत, लॅक्टोज थोडं राहतं, आयसोलेटमध्ये फारच कमी. आयसोलेट महाग, म्हणून त्रास झाला तरच बदला. चेहऱ्यावर पुटकुळ्या वाढल्या तर काही आठवडे बंद करून पाहा, काहींना व्हेनं तसं होतं. आणि उकळत्या दुधात किंवा गरम लापशीत टाकू नका. पौष्टिकपणा जात नाही, पण गुठळ्या होतात आणि मग कुणी परत घेत नाही.

बेंच प्रेसचा आकडा आठ आठवड्यांनी पाहा, आठ दिवसांनी नाही. तोवर वजनं हलकी करून रिपीटेशन वाढवायचा मोह टाळा. जड वजन हाच स्नायूला 'तू लागतोस' हे सांगणारा निरोप आहे. पोट नाभीशी टेपनं मोजा, मांडीही मोजा. पोट उतरतंय आणि मांडी तशीच आहे, हे मला हवंय.

आता आई. दोन वेळा जेवणं महाराष्ट्रात नवं नाही. डॉ. श्रीकांत जिचकार यांचा विचार डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी गावोगावी पोचवला, दोन वेळा आणि प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत, आणि असंख्य लोकांनी त्यानिमित्तानं पहिल्यांदा सारखं खाणं थांबवलं. माझं म्हणणं त्या दोन ताटांत काय आहे यावर आहे. माझ्याकडे एक ५८ वर्षांच्या बाई आल्या होत्या. त्यांनी स्वतःच्या मनानं एकवेळचं जेवण सुरू केलं होतं, अर्धी भाकरी, भाजी, ताक. साखर सुंदर आली, ११ किलो वजन गेलं. आणि त्या मला म्हणाल्या, देवघरात खाली बसले की उठायला सुनेचा हात लागतो. त्यांच्या पायांतले स्नायू गेले होते. ते परत आणायला आम्हाला दीड वर्ष लागलं. साठीनंतर स्नायू आपणहून कमी होत असतात. त्या वयात मी किलोमागे १ ते १.२ ग्रॅम सांगते. आईंचं वजन ५८ म्हणालात, तर ५८ ते ७० ग्रॅम, म्हणजे दोन जेवणांत प्रत्येकी २९ ते ३५. उसळ, दही, पनीर यातून एवढं होत नसेल तर प्रत्येक जेवणाच्या सुरुवातीला अर्धा स्कूप, बिनसाखरेचा, पाण्यातून किंवा बिनचवीचा असेल तर ताकातून. जेवणाआधी घेतलेल्या व्हेनं नंतरची साखर कमी चढते हे मधुमेहींमध्ये दिसलेलं आहे, त्यामुळे क्रम महत्त्वाचा. त्याच्या जोडीला खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, दहा वेळा, दिवसातून तीनदा.

मात्र त्याआधी त्यांचं क्रिएटिनिन, ईजीएफआर (मूत्रपिंड किती गाळतं याचा आकडा) आणि लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन तपासा. ते ठीक नसेल तर डबा उघडूच नका. आणि आज रात्रीच त्यांच्या गोळीचं पाकीट बघा. नुसतं मेटफॉर्मिन असेल तर एवढी काळजी नाही. त्यावर ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड असं नाव असेल, एकटं किंवा मेटफॉर्मिनच्या जोडीला, तर दोन जेवणांमधल्या मोठ्या अंतरात साखर एकदम खाली जाऊ शकते: घाम, थरथर, घाबरं होणं. नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' येत असेल तर तेही डॉक्टरांना दाखवा, त्या गोळीवर लांब उपाशी राहणं वेगळ्या कारणानं धोक्याचं असतं. त्यांच्या डॉक्टरांना 'आई दोनदाच जेवते' हे बहुतेक माहीत नसेल. उद्या सकाळी फोन करून सांगा, आणि ते डोस ठरवेपर्यंत आईंना तिन्ही वेळा जेवू द्या.